अंगणातले दोन ढीग

१५ ऑक्टोबर, मंगळवार

प्रीती आज पुन्हा ताटावरून उठली. पोटाला दोन्ही हात लावून ओट्यावर आडवी झाली आणि म्हणाली, "आबा, पोटात कोणीतरी पिळून राह्यलं." आजी धुणं पिळते तेव्हा ती समोर बसलेली असते, तिथूनच तिला हा शब्द सुचला असणार. चार वर्षांच्या नातीला दुखण्यासाठी शब्द शोधावा लागतो, हेच मनाला लागलं.

दसऱ्याच्या आधीपासून हे चाललं आहे. इचोड्याच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग गॅसचं दिलं. परवा म्हणाले, कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं याकडे लक्ष ठेवा. लक्ष ठेवतो, पण काल काय झालं ते आज आठवत नाही. अलीकडे माझंच डोकं जड झालं आहे. म्हणून बियाण्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी काढली. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर कधी एवढं लिहिलं नव्हतं.

सकाळी पाव भाकरी दुधात. दुपारी काही नाही. संध्याकाळी वरणाचं पाणी, तेही ओकली. सकाळचं तीर्थ मात्र घेतलं. त्याला ती कधी नाही म्हणत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मारुतीला शेंदूर चढवून आलो. वेशीवरच्या मारुतीची शनिवारची सेवा वडिलांपासून आमच्या घरात आहे. आम्ही पुजारी नव्हे, शेती करणारी माणसं. तेलात शेंदूर कालवायचा आणि तळहाताने देवाच्या अंगावरून फिरवायचा, एवढंच. शेवटी शेवटी वडिलांची मनगटं लुळी पडली होती, हात नुसते लोंबायचे. तरी दोन बोटं शेंदरात बुडवून देवाला टेकवल्याशिवाय त्यांनी शनिवार जाऊ दिला नाही. ती निष्ठा माझ्यात नाही. आज तेलाची वाटी हातातून सुटली. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

श्रावणात देवाने खोळ सोडली होती. वर्षानुवर्षांचा शेंदूर थरावर थर बसून जाड झालेला. एका सकाळी, भिंतीचा पोपडा सुटावा तशी सबंध पुढची बाजू सुटून खाली आली. आत काळा, खडबडीत दगड. नाक नाही, डोळे नाहीत. सगळं गाव पाहायला जमलं. म्हातारी माणसं म्हणाली, गावाची पीडा अंगावर घेऊन देव खोळ टाकतो, ती नदीत सोडून यावी. मला वाटलं, इतक्या वर्षांची सेवा, देवाच्या अंगाला लागलेलं, ते पाण्यात कशाला घालवायचं? मी तुकडे केले आणि घरोघरी वाटले. लोक पाया पडले. इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

आमच्या वाट्याचा तुकडा देवघरात डबीत आहे. प्रीती तेव्हा झोपेत दचकायची. लेकरांना बाळगुटी देतात तसा तो तुकडा मी रोज सकाळी सहाणेवर दोन वेढे उगाळतो, चमचाभर पाण्यात कालवून तिला पाजतो. तिचं दचकणं थांबलं. पोटही थांबवील. त्याच्यावर सोडलं आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

अंगणवाडीच्या प्रतिभाताई घरी आल्या. प्रीतीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "डोमाजीकाका, लेकरू पांढरं पडून राह्यलं. तिच्या पोटात काहीतरी भलतं जाऊन राह्यलं. घरातलं एकदा सारं पाहा. कामाचं कोणतं, घातक कोणतं, वेगळं करा. घातक ते हाताला लागू देऊ नका."

दुपारी कापूस वेचायला गेलोच नाही. घरातली एकेक वस्तू अंगणात आणली आणि दोन ढीग घातले. तुळशीकडे कामाच्या वस्तू, फाटकाकडे घातक. फाटकाचा ढीग वाढत गेला. कपाशीवरच्या औषधांच्या बाटल्या, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, फिनाइल, टॉर्चचे जुने सेल, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग. औषधाच्या रिकाम्या डब्यात आम्ही मीठ भरून ठेवलं होतं. ते पाहून अंगावर काटा आला. मिठासकट डबा टाकला.

प्रीतीची आजी देवकाबाई ओट्यावर बसून पाहत होती. म्हणाली, "आता मले बी एका ढिगात बसवून टाका."

"कोणत्या?"

"तुमीच सांगा. लगन झाल्यापासून इचारच करून राह्यले तुमी."

प्रीती हसली. किती दिवसांनी हसली.

चुन्यापाशी अडलो. चुना जीभ भाजतो, पण पानात चालतो. रॉकेल पोटात गेलं तर माणूस जातो, दिव्यात गेलं तर घर उजळतं. वस्तू चांगली की वाईट हे वस्तूत थोडं आणि ती कुठे ठेवली यात जास्त, असं वाटलं. आईची एक खूण होती. मुंगी ज्याला लागते ते पोटात चालतं. गुळाला लागते, पिठाला लागते, फिनाइलला लागत नाही. मीही त्याच खुणेने पाहिलं.

देवघरातल्या डब्या बाहेर आणल्या नाहीत. तिथे काय पाहायचं? शेंदराच्या डबीला तर कधी मुंगी लागली नाही, किडा पडला नाही, आत तेल असून वास आला नाही. देवाच्या वस्तूचं वेगळंच असतं.

फाटकाकडचं सगळं पोत्यात भरून शेतातल्या कोठ्यात उंच टांगलं. आता घर स्वच्छ झालं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काही फरक नाही. पोट दगडासारखं घट्ट.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

अश्विनी दिवाळीसाठी प्रीतीला घेऊन माहेरी नार्नूरला गेली. मी डबी सोबत देत होतो. सून म्हणाली, "मामाजी, आमच्या घरी सहाण नाई. कशावर उगाळू?" आमची सहाण दगडी, जड, बसमध्ये कशी न्यायची? म्हटलं, राहू दे, आल्यावर देऊ. मनाला मात्र चुटपुट लागली. देवाचं रोजचं चुकू नये.

१० नोव्हेंबर, रविवार

पोर हसत आली! गालावर रंग आहे. नार्नूरला भाकरी, भाजी, सगळं खाल्लं म्हणे. मामाच्या कोंबड्यांमागे पळली. तिचा बाप रवीही तिथे चार दिवस राहिला होता, तो सांगतो की तिकडे ती एकदाही पोट धरून बसली नाही.

तिकडच्या पाण्याला गुण असावा. रवीला म्हटलं, नार्नूरहून दोन कॅन पाणी आणता आलं तर पाहा. तो हसला. "बाबा, पाण्यासाठी नार्नूरला जाऊ? बरं, आणतो." इचोड्याला हायवेवर ट्रकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करून दिवसभर थकून येतो, तरी पोरीसाठी नाही म्हणत नाही.

तीर्थ पुन्हा सुरू केलं. खंड पडला म्हणून थोडं जास्त उगाळलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नार्नूरचं पाणी पाजतो आहे, तरी पहिल्यासारखंच. पहिल्यापेक्षा वाईट. आज तिने आजीला चावा घेतला. मग स्वतःच रडली.

संध्याकाळी गोठ्यात वासरापाशी उभी होती. त्याचं नाव तिनेच ठेवलेलं, भुऱ्या. आज त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "आबा, ते... ते..." शब्द सापडेना. मी म्हटलं, "भुऱ्या न गं." तिने मान हलवली, पण तिला तो शब्द ओळखीचा वाटला नाही. अनोळखी माणसाचं नाव ऐकावं तसं माझ्याकडे पाहत राहिली.

हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण आहेत. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतात. मला ताता म्हणतात, म्हणजे आजोबा. प्रीतीच्या हिरड्या पाहिल्या. मग विचारू लागल्या. मिट्टी खाती है? दीवार का रंग चाटती है? कोई देसी दवा, भस्म, चूरन देते हैं?

मी म्हटलं, "नहीं मॅडम. घरातलं सगळं तपासलं आहे."

ते खरंच होतं. भस्म नाही, चूर्ण नाही. तीर्थ म्हणजे काही औषध नव्हे.

रक्त हैदराबादला पाठवलं आहे. सुई टोचताना प्रीती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

रक्तात शिसं निघालं. लहान मुलाच्या अंगात असू नये इतकं. डॉक्टर बाई म्हणाल्या, ते पोटाला पिळतं, रक्त आटवतं आणि डोक्यात जाऊन बसतं. मग विचारलं, "घर में कोई बैटरी का काम करता है?"

आम्ही सगळे रवीच्या हातांकडे पाहू लागलो. तोही स्वतःच्या हातांकडे पाहू लागला.

मीच बोललो, "हा करतो. माझा मुलगा."

"तो देखिए," त्या म्हणाल्या. "कपड़े, हाथ, सब से आता है."

अखेर कळलं. कोठ्यात टांगलेलं पोतं उगाच टांगलं. घातक होतं ते रोज संध्याकाळी मोटारसायकलवर बसून घरी येत होतं आणि पोरीला कडेवर घेत होतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रवी संध्याकाळी आला. मी फाटकातच उभा होतो.

"आधी हात धू."

"धुतले न बाबा, दुकानात."

"माह्यासमोर धू. साबण लाव."

त्याने धुतले. मी आणखी पाणी ओतलं, पुन्हा धुवायला लावले. कपडे तिथेच काढायला लावले. चड्डी-बनियनवर तो अंगणात उभा, आणि शेजारच्या जयवंताबाई कुंपणावरून पाहत होत्या. प्रीती "बाबा, बाबा" करत ओट्यावरून उतरू लागली. मी तिला अडवलं.

"पोरीले हात नको लावू."

"मंग मी कोण आहो तिचा?"

"तुह्यामुळेच झालं हे सारं. इथी राहू नको. ते काम सोड नाईतर घर सोड."

"काम सोडू? मंग तिचं औषध कशावर आणू, तुमच्या कापसावर?"

देवकाबाई ओरडली, "पोराले काऊन कुत्र्यासारखं दारात उभं केलं? ते का गल्लीतलं आहे?"

मी मागे हटलो नाही. रवीने ओला शर्ट पुन्हा अंगात घातला आणि गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो असा रात्री अश्विनीला फोन आला.

देवा, मी बरोबर केलं ना? एका लेकराला वाचवायचं म्हणून दुसऱ्याला बाहेर काढलं. दुसरा मोठा आहे, तो सोसेल.

५ डिसेंबर, गुरुवार

रवी गेल्यापासून घरात कोणी धड बोलत नाही. अश्विनीने त्याचे सगळे कपडे, त्याची उशी, प्रीतीसाठी त्याने आणलेली प्लास्टिकची गाडीसुद्धा फाटकाबाहेर ठेवली. मी सांगितलं म्हणून ठेवली. ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. भिंती पुसल्या, ओटा धुतला. आता घातक असं या घरात काहीच उरलेलं नाही.

तरी पोर उतरत चालली आहे. पायात बळ नाही. दवाखान्यातल्या गोळ्या देतो. तीर्थ आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ देतो, सहाणेवर पाच वेढे. माझ्या हातात दुसरं काय आहे? डॉक्टरचं डॉक्टर करतील, माझ्याने जे होतं ते मी करीन.

७ डिसेंबर, शनिवार

मारुतीपाशी बराच वेळ बसलो. नवा शेंदूर चढून श्रावणातला काळा दगड पुन्हा झाकला गेला आहे. तो उघडा होता तेव्हा काही न मागणारा वाटत होता. आज मनात आलं, याला हे सगळं हवं असतं का? मग असं मनात आलं म्हणून कान धरले आणि आणखी एक हात शेंदूर चढवला.

जयवंताबाई भेटल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले आहेत. म्हणाल्या, "तुमी देलेलं रोज उगाळून देतो तिले, डोमाजीभाऊ. तुमीच सांगतलं होतं न." मी म्हटलं, देत जा.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रीतीला झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठ. अश्विनी किंचाळली. जीपमध्ये घालून आदिलाबाद. वाटेत इचोड्याला रवीच्या दुकानापुढून गेलो. शटर अर्धं उघडं होतं. जीप थांबव म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जीप पुढे गेली.

निघताना मी सहाण कापडात बांधून घेतली आणि डबी खिशात टाकली.

१४ डिसेंबर, शनिवार

शुद्धीवर आहे. आपल्या आईला ओळखते. मला कधी ओळखते, कधी नाही. हैदराबादहून आणलेलं औषध सुईतून चाललं आहे. नर्स इकडे-तिकडे झाली की मी खाटेखाली सहाण ठेवून उगाळतो. अश्विनी पाहते. पण ती काय म्हणणार? ती लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळी देवापुढे माझ्या हाताचं तीर्थ घेते. घरात रोज होतं ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

रवी येऊन गेला. वॉर्डाच्या दाराबाहेर उभा राहून पाहिलं आणि गेला. हात मागे बांधलेले होते.

१६ डिसेंबर, सोमवार

डायरी दोनदा उघडून मिटली. आता लिहितो.

सकाळी डॉक्टर बाईंनी पोटाचा फोटो दाखवला. काळ्या फिल्मवर पोरीच्या नाजूक फासळ्या, आणि खाली पोटात पांढरे बारीक कण. विखुरलेले. प्रीती खाटेवरून पाहत होती. म्हणाली, "आबा, चांदण्या."

डॉक्टर बाई रागावलेल्या होत्या. "ये कपड़े से, हवा से नहीं आता. ये खा रही है. कल-परसों भी खाया है. क्या दे रहे हो इसको?"

अश्विनी म्हणाली, "मॅडम, तिचे बाबा तर घरात नाहीत. पंधरा दिवसांहून जास्त झाले, घरात नाहीत ते."

तेव्हा प्रीती मला म्हणाली, "आज मारुतीचं पाणी नाई देलं, आबा."

भुऱ्याचं नाव विसरली. हे विसरली नाही.

"कौनसा पानी?" डॉक्टर बाईंनी विचारलं. मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी सहज खिशात हात घातला आणि डबी काढून दिली, देवाचा प्रसाद समोरच्याला द्यावा तशी. उजव्या हाताने दिली. त्यांनी झाकण उघडलं. तुकडा कागदावर घेतला. तो घेऊन तशाच बाहेर गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात दुसरी फिल्म होती. फोटोच्या मशीनखाली त्यांनी तो तुकडा ठेवला होता. काळ्यावर एक पांढराशुभ्र डाग. तसाच पांढरा. चांदण्यांमधला चंद्र.

मी म्हटलं, "मॅडम, तो देवाचा आहे."

"भगवान का ही है, ताता," त्या म्हणाल्या. आता राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "लेकिन सीसा है."

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं. मग खाली वाकून खाटेखालची सहाण उचलली आणि माझ्या पायांशी ठेवली.

मी विचारलं, गेलेले शब्द परत येतील का? डॉक्टर बाई म्हणाल्या, काही येतील. सगळे येतील असं सांगता येत नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

मुंगी लागत नव्हती. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, मागची पानं चाळताना दिसलं.

नार्नूरला ती बरी होती. रवी तिच्याजवळच होता, आणि ती बरी होती. तेही मीच लिहिलं आहे.

पंधरा दिवस मी माझ्या पोराला विष म्हणत होतो आणि विष माझ्या खिशात होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

इचोड्याला उतरलो. रवी ट्रकखाली होता. नुसते पाय दिसत होते. मी नाव घेतलं, तो बाहेर आला नाही. मी पायांशीच सगळं सांगितलं. शेंदूर, सहाण, फोटो, सगळं. ट्रकमधला ड्रायव्हर खिडकीतून ऐकत होता, त्याची लाज वाटली नाही.

बराच वेळ पाना फिरवल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"म्हंजे तुमीच," रवी ट्रकखालून म्हणाला.

"हो."

"आणि मले कपडे काढाले लावले. जयवंताबाईसमोर."

"हो."

"जा तुमी बाबा. मी आता काई बोलत नाई. बोललो तर वाईट बोलीन."

बसस्टँडवर येऊन बसलो. दोन बस गेल्या, तेव्हा उठायचं ध्यानात आलं.

२१ डिसेंबर, शनिवार

पहाटे गावात आलो. आज सेवेचा दिवस. वेशीवर गेलो, तर मारुती ओला, लालभडक. बापूजी तेलाची वाटी धूत होते. वयाने गावात सगळ्यात मोठे. "तू दवाखान्यात होता, म्हणून मीच चढवला. देवाचा शनिवार चुकाले नाई पाहिजे." कोपरापर्यंत हात शेंदरी होते त्यांचे.

मी सांगितलं. ऐकून हसले. "श्रावणात देव होता, मार्गशीर्षात शिसं झालं? तुहा देव लय लवकर बदलते रे डोमाजी. मी तवाच म्हटलं होतं, नदीत सोड. तुले वाटायचा मान पाह्यजे होता."

ते खरं बोलले.

मग घरोघरी गेलो. ज्या क्रमाने वाटत गेलो होतो त्याच क्रमाने परत मागत गेलो. काहींनी दिला. काहींनी माझ्या तोंडाकडे पाहून आत जाऊन दार लावलं. एकाने सांगितलं, आटा चक्कीच्या पूजेत ठेवला आहे, हलवता येत नाही. एक बाई म्हणाली, तुमच्या नातीच्या दुःखाने तुमचं डोकं फिरलं आहे, घरी जाऊन झोपा. हे मायेनेच म्हणाली.

जयवंताबाईंनी उंबऱ्यातून आत येऊ दिलं नाही. "देवाचं देल्यावर परत मांगाले येते काय माणूस? पहिले तुमी पोराले विष म्हटलं, आता देवाले म्हणून राह्यले. उद्या कोणाचं नाव घ्यान?"

"जयवंताबाई, पाया पडतो. सुनेले देऊ नका."

"तुमच्याच हातानं देलं, तुमच्याच तोंडानं सांगतलं, लेकरू तेजाचं होईन. कोणतं खरं धरू आमी? तवाचं का आताचं?"

मागे चुलीपाशी त्यांची सून बसली होती. पोट दिसू लागलं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला. सासूसमोर तिला कोण विचारणार?

दुपारी अंगणात येऊन बसलो. मिळालेले तुकडे फडक्यावर मांडले. आता हे ठेवू कुठे? नदीत सोडले तर खालची गावं तेच पाणी पितात. शेतात पुरले तर ज्वारी उगवेल. जाळले तर धूर कुठे जाईल? पूर्वी दोन ढीग घातले होते तेव्हा किती सोपं वाटलं होतं. तुळशीकडे जावं तर तिथे हे ठेवता येत नाही. फाटकाकडे जावं तर तिथे ठेवायला हात होत नाही. हातात घेऊन मध्येच उभा राहिलो. दवाखान्यातून नुकतीच आलेली देवकाबाई म्हणाली, "ठेवा आता कुठीतरी. हातात तरी नका धरू."

पोर कशी आहे, विचारलं. म्हणाली, सकाळी विचारत होती, मारुतीच्या अंगाला तर इतकं लागलं आहे, त्याचं पोट नाही का दुखत?

दिवस मावळताना फाटकाशी मोटारसायकल थांबली. रवी उतरला, पण आत आला नाही. दवाखान्यातूनच येत होता. मी उठून फाटकाशी गेलो. त्याने खिशातून साबणाची नवी वडी काढली.

"आधी हात धुवा, बाबा."

मी हात पुढे केले. त्याने मोटारसायकलला टांगलेली पाण्याची बाटली काढली आणि ओतू लागला. मी चोळत राहिलो. शेंदरी पाणी गेलं, मग फिकट, मग स्वच्छ. पण नखांच्या कडेचा आणि रेषांमधला रंग तसाच होता. वडिलांच्या हातांनाही असाच होता, त्यांना चितेवर ठेवलं तेव्हाही.

रवीने माझं बोट धरून उजेडाकडे केलं. आपल्या अंगठ्याने नखाची कड घासली. बॅटरीच्या कामाने त्याचा अंगठा काळा पडला आहे, तोही कधी निघत नाही.

"निघून नाई राह्यलं," तो म्हणाला.

बाटलीतलं पाणी संपलं होतं. देवकाबाई आतून बादली घेऊन आली, आणि तो पुन्हा ओतू लागला.